मारण्यापूर्वीं ओळख

‘गोगलगाय नि पोटांत पाय’ ही म्हण आपण गरीब दिसणाऱ्या पण आंतून कावेबाज असणाऱ्या मनुष्यास लावतों. बिचाऱ्या प्राण्यावर हा अन्याय खरा. तथापि म्हणींतील निरीक्षण अचूक आहे. ज्या वर्गांत गोगलगाय मोडते त्यास शास्त्रज्ञांनीं दिलेलें ‘गॅस्ट्रोपोडा’ हें नांव ग्रीक भाषेंतील ‘पोट’ व ‘पाय’ ह्याच दोन शब्दांचें बनलेलें आहे. आमच्या आजीबाईंनीं अंगणांत जें पाहिलें, तेंच पंडितांनीं पोथींत नोंदविलें.

गेल्या पावसाळ्यांत विज्ञानाच्या तासासाठीं मुलांनीं गोगलगाईचीं अंडीं कांचेच्या बरणींत ठेविलीं, तेव्हां कांहीं पालकांनीं नापसंती दर्शविली. शेताचा शत्रु तो, त्याचे लाड शाळेंत कशाला? हें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. सन २०२२ च्या जुलै महिन्यांत लातूर, बीड व उस्मानाबाद (सांप्रतचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त केलीं, व अनेकांवर दुबार पेरणीचा प्रसंग आला. हिवरा आश्रमाच्या आसपास, सबंध मेहकर तालुक्यांत, सोयाबीनवरच कित्येक घरांचें वर्ष अवलंबून असतें. ज्या बापानें बियाण्यासाठीं कर्ज काढलें, त्यास मुलगा घरीं येऊन ‘आज आम्ही गोगलगाईला काकडी घातली’ असें सांगूं लागला, तर राग येणें साहजिक आहे.

परंतु आमचें विचारणें इतकेंच कीं, कोणती गोगलगाय?

सोयाबीन खाणारी ती आफ्रिकेंतील मोठी शंखी गोगलगाय. बेन्सन नांवाच्या एका हौशी शंखसंग्राहकानें १८४७ सालीं ती मॉरिशसहून आणून कलकत्त्यास चौरंगी येथील एका बागेंत सोडली, आणि तेथून ती देशभर पसरली. एका मनुष्याच्या हौसेचें मोल लातूरच्या शेतकऱ्यास पावणेदोनशें वर्षांनीं भरावें लागलें! परसांत कुंडीखालीं सांपडते ती निराळी. तिला शंखच नसतो. अंग काळें अथवा गडद तपकिरी, चपटें व चामड्यासारखें; पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ; लांबी सात-आठ सेंटिमीटर. तिला हलक्या हातानें काडीनें उलटी करून पाहावें. एवढ्या रुंद देहाखालीं पाय केवळ चार-पांच मिलिमीटर रुंदीचा असतो. शंखीच्या उजव्या अंगास श्वासाचें एक छिद्र उघडमीट करतांना दिसतें. हिच्या पाठीवर तें शोधून सांपडणार नाहीं. हीही मूळची आफ्रिकेचीच मानतात, व भाजीचीं कोंवळीं पानें हीही खाते. पण कुजका पाला खाऊन ती बरेचसें पोट भरते. ह्याखेरीज कांहीं मिलिमीटर लांबीच्या, निमुळत्या शंखाच्या अशाही गोगलगाई आहेत, कीं ज्या दुसऱ्या लहान गोगलगाईंचीच शिकार करतात. ह्या सर्वांवर एकाच मुठीनें मीठ टाकणारा मुलगा मित्र कोण व शत्रु कोण हें कधींच शिकणार नाहीं.

मिठाविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे. मीठ पडतांच त्वचेंतून शरीरांतील पाणी बाहेर ओढलें जातें व प्राणी तडफडत मरतो. ५८ व्या स्तोत्रांत दुर्जनांच्या नाशास विरघळत जाणाऱ्या गोगलगाईची उपमा दिली आहे. ती कवीची उपमा आहे. मुलांनीं ती वाफ्यावाफ्यांतून खरी करून पाहावी अशी आज्ञा नव्हे. शिवाय तें मीठ मातींत मुरून रोपांसच बाधतें. विषारी गोळ्यांचें तर नांवच नको. त्या चघळून कुत्रीं दगावतात. आणि ज्या काजव्यांचा चमचमाट पाहण्यास आपण मुलांस अंधारांत नेतों, त्यांच्या अळ्या गोगलगाईंवरच पोसतात, हें किती जणांस ठाऊक आहे?

आतां बरणीविषयीं. तळाशीं तीन बोटें ओलसर माती, वर थोडा कुजका पाला, तोंडास घट्ट बांधलेलें विरळ फडकें, व जागा सावलीची. काळ्या गोगलगाईचीं अंडीं पारदर्शक व लंबगोल असून चिकट धाग्यानें माळेसारखीं जोडलेलीं असतात. माती सुकूं द्यावयाची नाहीं व चिखलही करावयाचा नाहीं. मुलांची खरी परीक्षा येथेंच होते. पिलें बाहेर येतात तीं आईचीच लहान प्रतिकृति. फुलपांखरासारखें रूपांतर येथें नाहीं. काकडीची चकती अगर कोबीचें पान रोज बदलावें. ह्या जातींत नर व मादी वेगळीं नसतात, प्रत्येक प्राणी अंडीं घालूं शकतो, हें कळलें म्हणजे त्यांची संख्या इतक्या झपाट्यानें कां वाढते हें मुलांस सांगावें लागत नाहीं.

आणि येथेंच पालकांच्या प्रश्नाचें उत्तर आहे. आफ्रिकी शंखी एका वेळीं शंभराहून अधिक अंडीं ओल्या मातींत घालते. तीं पिवळसर पांढरीं, ज्वारीच्या दाण्याएवढीं असतात. ज्या मुलानें बरणींतील माळ पाहिली आहे, तो बांधावरील ढेंकूळ उलटतांना हा निराळा पुंजका चटकन ओळखील, व तेथल्या तेथें शंभर शत्रु नाहींसे करील. मोठ्या शंखींकरितां गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें सायंकाळीं शेतांत पसरावीं, व सकाळीं त्यांखालीं जमलेल्या वेंचून साबणाच्या पाण्यांत बुडवाव्या.

दोन गोष्टींत मात्र आम्ही कोणासही सूट देत नाहीं. उंदरांच्या फुप्फुसांत राहणाऱ्या एका सूक्ष्म कृमीचीं पिलें गोगलगाईच्या देहांत वाढतात, व तीं मनुष्याच्या पोटांत गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येऊं शकते. म्हणून उघड्या हातानें स्पर्श नाहीं, व हात साबणानें धुतल्यावांचून डबा उघडावयाचा नाहीं. दुसरें, बरणींतील एकही पिलूं दुसऱ्या गांवीं न्यावयाचें नाहीं. बेन्सनसाहेबांची हौस एकदां झाली तेवढी पुरे.

एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, आपण वाढविलेलीं हीं पिलें शेवटीं मारावयाचीं काय?” आम्ही सांगितलें कीं, हीं ज्या कुंडीखालून आणलीं तेथेंच परत ठेवूं, पण तुझ्या शेतांत शंखीचा पुंजका सांपडला तर तो फोडतांना कचरूं नकोस. त्यानें थोडा वेळ विचार केला, आणि वहीच्या एकाच पानावर दोन्ही अंड्यांचीं चित्रें काढून खालीं नांवें लिहिलीं.