प्रवासांतील सौजन्य आणि नित्याचा व्यायाम

वार्षिक परीक्षा आटोपली कीं शाळेंतील बहुतेक विद्यार्थी आजोळीं, गांवीं किंवा सहलीस जावयास निघतात. प्रवास हा शिक्षणाचा एक भाग होय, असें सुज्ञ लोक म्हणतात व तें खरेंही आहे. परंतु प्रवास जसा शिकवितो, तशी तो परीक्षाही घेतो. आणि वर्षभर गिरविलेले दोन धडे या परीक्षेंत पहिल्याच दिवशीं विसरले जातात, असें आम्हांस दिसतें. एक धडा चारचौघांतील सौजन्याचा, दुसरा नित्याच्या व्यायामाचा. या दोहोंचा परस्परांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आमच्या मतें तो संबंध फार निकटचा आहे.

एस्. टी. च्या स्थानकावरील देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे. गाडी फलाटास लागते न लागते तोंच पांचदहा तरुण खिडक्यांकडे धांव घेतात. कोणी रुमाल आंत टाकतो, कोणी टोपी, कोणी पिशवी. दाराशीं रांगेंत उभी असलेली वृद्ध बाई किंवा कडेवर मूल घेतलेली माता आंत येऊन पाहते, तों सारीं बांकें रुमालांनीं अडविलेलीं! आतां रुमाल टाकणारा कांहीं अशक्त नसतो. धांवत जाऊन खिडकी गाठणें हें सशक्ताचेंच काम. म्हणजे ज्याला उभें राहण्याचा त्रास सर्वांत कमी, त्यानेंच जागा सर्वांच्या आधीं बळकाविली.

याहून खेदाची गोष्ट ही कीं, “जा रे, खिडकींतून जागा धर,” असें सांगणारे पुष्कळदां आईबापच असतात, आणि मुलानें जागा धरली म्हणजे “पोरगा मोठा चलाख आहे हो!” असें कौतुकही तेच करतात. पालकांची क्षमा मागून आम्ही म्हणतों कीं, ही चलाखी भूषणावह नव्हे. घरीं मुलाला आपल्या आजीला पाट देण्यास शिकवावयाचें आणि स्थानकावर दुसऱ्याच्या आजीची जागा हिरावण्यास शिकवावयाचें. या दोहोंपैकीं कोणता धडा त्यानें खरा मानावा?

“गर्दीच इतकी असते कीं, तेथें सौजन्य चालत नाहीं,” असें यावर उत्तर मिळतें. परंतु गर्दीचें माहेरघर जी मुंबई, तिच्या लोकल गाड्यांकडे पाहावें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली उतारूंची गाडी निघाली, तिच्यांत सुमारें ४०० पाहुणे होते. आज त्याच मार्गावर एकेका गाडींत याच्या कितीतरी पट माणसें कोंबलेलीं असतात. दाराशीं तेथें रेटारेटी होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण आंत काय चालतें? तिघांसाठीं केलेल्या बांकावर तिघेही थोडे सरकतात आणि चौथ्यास टेकावयास जागा होते. कित्येकदां बसून आलेला उतारू वाटेंत उठतो व उभ्या असलेल्या सोबत्यास म्हणतो, “आतां तुम्ही बसा.” असें करावें म्हणून कोणाचा हुकूम नाहीं. हा अलिखित कायदा दमल्याभागल्या नोकरदार माणसांनींच केला व तेच तो पाळतात. आमच्या खोखोंतही हेंच नाहीं काय? पाठलाग करणारा बसलेल्या गड्यास खो देतो, स्वतः त्याच्या जागीं बसतो, आणि डाव पुढें चालतो. जागा सोडल्यानें कोणी हरत नाहीं.

रेल्वेनें कांहीं नियम केले आहेत. शयनयानांत मधल्या फळीवर निजण्याची वेळ रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत, हा त्यांपैकीं एक. परंतु नियम हा सौजन्याचा केवळ उंबरठा होय. खालच्या फळीवरील आजारी मनुष्य नऊ वाजतांच आडवा होऊं इच्छितो, तेव्हां घड्याळाकडे बोट दाखविणारा नियमानें निर्दोष असेल, सज्जन खास नव्हे. तद्वत भ्रमणध्वनीवरील गाणीं साऱ्या डब्यास ऐकविणारा मनुष्य आपली करमणूक दुसऱ्यांच्या कानांवर लादतो, हें त्यास सांगावयास वेगळा शिपाई कशाला हवा?

आतां व्यायामाकडे वळूं. सौजन्य हा मनाचा गुण खरा, पण तो देहाकरवीं प्रकट होतो. उठून जागा देण्यास पाय खंबीर लागतात. म्हाताऱ्याची ट्रंक फळीवर चढविण्यास दंडांत बळ लागतें. आजाऱ्याची व अपंगाची गोष्ट निराळी. पण ज्या धडधाकट मुलाचे पाय केवळ आळसामुळें दहा मिनिटांत कुरकुरूं लागतात, त्याची सदिच्छा बांकावरच बसून राहते. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरीनें ६० मिनिटें चांगला श्रम होईल अशी हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें. सुट्टी लागली म्हणून देहाची ही गरज कांहीं थांबत नाहीं.

“प्रवासांत साधनें कोठून आणावीं?” ही सबब लंगडी आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले. त्यांस घोंगडीएवढी जागा पुरते. गाडींत तेवढीही नसेल, तर बसल्या जागीं घोटे फिरवावे, टांचा वरखालीं कराव्या. पोटऱ्यांचे स्नायू आंवळले म्हणजे पायांतील रक्त हृदयाकडे ढकललें जातें. चार तासांहून अधिक वेळ हालचाल न करतां बसून राहिल्यास शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. तो फार मोठा नसला, तरी टाळणें आपल्या हातीं आहे.

मात्र व्यायामही सौजन्यानें करावा. येण्याजाण्याच्या वाटेंत हातपाय पसरूं नयेत. पाहुणे म्हणून राहिलों असतां पहांटे उड्या मारून खालच्या बिऱ्हाडाची झोंप मोडूं नये. चालत्या गाडीच्या दारांत लोंबकळणें हा तर व्यायामही नव्हे आणि शौर्यही नव्हे. त्यापायीं कित्येक घरांतील दिवे विझले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, बळ कमावणाऱ्यास तें कशासाठीं कमावलें, हें ठाऊक पाहिजे. तालमींत कमावलेलें बळ खिडकींतून रुमाल टाकण्यास वापरलें, तर ती तालीम व्यर्थ गेली. येत्या सुट्टींत दोनच नेम करा: जेथें असाल तेथें रोज अर्धा तास तरी घाम गाळा, आणि दर प्रवासांत एकदां तरी आपली जागा अधिक गरजू माणसास द्या. पालकांस आमची विनंति याहूनही लहान आहे. मुलगा जागा देण्यास उठेल, तेव्हां त्यास हात धरून खालीं बसवूं नका.