प्रमाणपत्र मिळेल, शिक्षक घडेल काय?

सेवेची १२ वर्षे झाली की शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणीचा मार्ग खुला होतो. त्यासाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हे प्रशिक्षण २०२२ साली ऑनलाइन घेतले; २०२५ च्या जूनमध्ये ते प्रत्यक्ष झाले. तेव्हापासून एक सूर कानी येतो : घरबसल्या होणाऱ्या गोष्टीसाठी ही पायपीट कशाला?

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अगदीच अनाठायी नाही. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा पाचच तालुक्यांचा. पण सेनगावच्या टोकावरील वाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, तर निम्मी सकाळ एस.टी.ची वाट पाहण्यात जाते. तान्हे मूल असलेल्या शिक्षिकेने काय करावे? मात्र अडचण प्रवासाची असेल, तर प्रवास कमी करावा. प्रशिक्षणच कमी करण्याचे हे कुठले शहाणपण?

चित्रफीत सुरू करून घरची कामे उरकावीत, शेवटी चाचणीत योग्य पर्यायावर बोट ठेवावे, की प्रमाणपत्र तयार! यंत्र मिनिटे मोजते, मन लागले की नाही ते त्याला कळत नाही. आणि शिकायचे असते ते काय? तांड्यावरचे मूल घरी बंजारा बोली बोलते, पहिलीच्या वर्गात प्रमाण मराठी ऐकून गप्प बसते. त्या गप्पपणाला गुरुजी मठ्ठपणा समजतात. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाच्या तोंडावर परतते, तेव्हा वर्ग वाचनात कितीतरी पुढे गेलेला असतो. अशा मुलाला घरच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेत कसे आणावे, हे चार सहकाऱ्यांसमोर पाठ घेऊन, चुकून, टोकले जाऊनच उमगते. शेजारच्या तांड्यावर हे साधलेली एखादी शिक्षिका त्याच खोलीत बसलेली असते. पडद्यावरच्या तज्ज्ञाला तिचा पत्ताही नसतो.

याच जिल्ह्यात नरसी नामदेव आहे आणि औंढा नागनाथही. परंपरा सांगते, पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांना म्हटले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. तो धडा नामदेवांना स्वतःच्या हातांनी ते पाय उचलताना कळला. (वर्गाला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांना हे अधिक सांगणे न लगे.)

अंतराने घेतलेल्या शिक्षणाची किंमत न्यायालयातही विचारली गेली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची १८ महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेशी समकक्ष नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी म्हटले. आधीपासून सेवेत असलेल्यांना डिसेंबर २०२४ मध्ये दिलासा मिळाला, हे खरे. पण मधले वर्ष हजारोंनी धास्तीत काढले.

प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणजे सारे आलबेल, असा आमचा दावा नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, लांबलेला चहा आणि मग पडद्यावरचे मजकूर वाचून दाखवणारे मार्गदर्शक, हा प्रकारही आम्हांस ठाऊक आहे. असल्या दहा दिवसांपेक्षा चित्रफीत बरी, असे कुणी म्हटले तर त्याला दोष कसा द्यावा? तरीही उपाय उलट दिशेने आहे. नियम, कायदे, परिपत्रके खुशाल ऑनलाइन सांगावीत. पाठांचा सराव मात्र केंद्रशाळेत व्हावा; केंद्राची शिक्षण परिषद त्यासाठीच आहे. पन्नास शिक्षकांनी जिल्ह्याला जाण्याऐवजी एका मार्गदर्शकाने सेनगावला, औंढ्याला यावे, आणि मूल्यमापन खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांपुढे व्हावे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांत आपलेही कार्यकर्ते आहेत. पुढच्या बैठकीत गुरुजींना त्यांनी आदरपूर्वक एवढेच विचारावे : प्रशिक्षणात आपण किती पाठ घेतलेत, आणि ते कोणी पाहिले?