‘विल पे’, पण कोण?

शाखेत कर्जविभाग सांभाळत असताना एका जामीनदार व्यापाऱ्याचे पत्र आले. मजकूर एका ओळीचा: ‘विल पे द बॅलन्स बाय थर्टीफर्स्ट मार्च.’ हे त्यांचे स्वतःचे अभिवचन समजून मी तशी नोंद केली. एप्रिलमध्ये ते शाखेत आले ते दुखावूनच. कर्जदार असलेला धाकटा भाऊ बाकी भरेल, असे त्यांना म्हणायचे होते. त्या नोंदीवरून दोघा भावांत बोलाचाली झाली होती. विचारून घेतले असते तर ती टळली असती, याची खंत मला आजही आहे.

मराठीत क्रियापदाचे रूपच कर्त्याची ओळख देते. भरीन, भरू, भराल, भरेल, भरतील. कर्ता गाळला तरी कोण ते कळते. इंग्रजीत या पाचांसाठी एकच ‘विल पे’. म्हणून तेथे कर्ता लिहावाच लागतो. इतका की पाऊस पडतो तेव्हाही, कोणी पाडणारा नसताना, ‘इट इज रेनिंग’ म्हणत ‘इट’ची स्थापना करावी लागते! अपवाद आज्ञेचा वा विनंतीचा. ‘प्लीज सेंड द बिल’ यात ‘यू’ अध्याहृत असतो.

क्रियापदाचेही तसेच. ‘आज दुकान बंद’ हे आपले पूर्ण वाक्य. ‘द शॉप इज क्लोज्ड टुडे’ यातील ‘इज’ मात्र वगळता येत नाही. ‘सेंडिंग गुड्स टुमॉरो’ असे पुष्कळजण लिहितात. नुसते ‘सेंडिंग’ क्रियापद म्हणून उभे राहत नाही. त्याला ‘वुई आर’चा आधार हवा. ‘बिकॉज द गुड्स वेअर डॅमेज्ड’ यात कर्ता आहे, क्रियापद आहे, तरीही वाक्य अपुरेच. माल खराब निघाला म्हणून काय केले? परत पाठवला की पैसे अडवले? ते लिहिल्यावाचून पूर्णविराम देऊ नये.

आमच्या पिढीला ही सवय तारेने लावली. शब्दागणिक पैसे, त्यामुळे ‘आय’ आणि ‘वुई’ प्रथम कापले जात. तारसेवा २०१३ साली बंद झाली. ती काटकसर पेढीच्या पत्रांत आणि मोबाइलवरील निरोपांत टिकून आहे. घरच्या घरी ‘रिसीव्ड’ एवढे चालेल. बँक, वकील वा कर-कार्यालय यांना पत्र पाठवताना मात्र प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारून ‘कोण?’ असे विचारावे. उत्तर त्याच वाक्यात सापडले नाही, तर पत्र पाकिटात घालू नये.