‘एच सेव्हन’ कुठं गेला?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये माझा आतेभाऊ ड्राफ्ट्समन आहे. केगावला विद्यापीठात जाता-येता पुणे रस्त्यावरून एमआयडीसीच्या बसेस रोज दिसायच्या, पण आत कधी गेले नव्हते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर दादाचा ओव्हरटाइम चालू होता, म्हणून आत्यानं दिलेला डबा घेऊन गेले. डबा राहिला बाजूला. दादानं खुर्ची सरकवली आणि म्हणाला, “तू पेपरवाली आहेस ना? मग सांग, विंडोज टेन बंद झालं. आमच्या या तीन डब्यांचं काय करायचं?”

डबे म्हणजे कॉम्प्युटर. चांगले चालणारे. पण प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. पैसे मोजून सुरक्षा अपडेट आणखी काही काळ मिळतात, पण ती फक्त मुदतवाढ. म्हणजे मशीन धडधाकट, पण कागदावर निवृत्त.

वर्कशॉपमध्ये प्रत्येकाचं मत तयार होतं. मालक म्हणत होते, आहे तसं चालू द्या. एक पोरगा म्हणाला, लिनक्स टाका, फुकट आहे. आणि ज्येष्ठ मंडळींचं एकच वाक्य : “लिनक्सवर ऑटोकॅड चालत नाही. विषय संपला.”

मला वाटतं, विषय तिथं संपत नाही, तिथं सुरू होतो.

आधी खरं काय ते बघू. ऑटोकॅड १९८२ साली आलं. एकेकाळी ते डॉसवर, युनिक्सवर, मॅकवरही चालायचं. नव्वदच्या दशकात कंपनीनं बाकी सगळं सोडून फक्त विंडोज धरलं. मॅकवर ते परत आलं २०१० मध्ये. लिनक्सवर आजही अधिकृत ऑटोकॅड नाही. मॅकवरचं ऑटोकॅड नावानं तेच असलं तरी आतून सगळं तेच नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, आर्किटेक्चर असे खास टूलसेट फक्त विंडोजवर चालतात. व्हीबीए मॅकवर नाही. ऑटोलिस्प आहे, पण विंडोजच्या अॅक्टिव्हएक्सवर बेतलेल्या जुन्या लिस्प फाइली तिथं चालत नाहीत. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट तर मॅकसाठी निघतच नाहीत. इंजिनिअरिंगला असताना हप्त्यावर मॅकबुक घ्यायचा विचार करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

लिनक्सवर पर्याय आहेत. लिब्रेकॅड टू-डीसाठी, फ्रीकॅड थ्री-डीसाठी. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि असेंब्लीची सोय त्यात अंगभूत मिळाली. ब्रिक्सकॅड विकत घ्यावं लागतं, पण ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, डीडब्ल्यूजी फाइल थेट वापरतं आणि त्यात लिस्पही चालतं.

अशा वेळी आपण काय करतो? मोबाइल घेताना करतो तेच. दोन रकाने, समोर बरोबरच्या आणि चुकीच्या खुणा. ज्याच्या फुल्या कमी, तो जिंकला. दादानंही तेच केलं होतं. कागदावर ‘डीडब्ल्यूजी उघडते का?’ असं लिहिलं होतं आणि एका मोफत प्रोग्रॅमसमोर बरोबरची खूण होती.

मग त्यानं मला ती उघडलेली फाइल दाखवली. चाकणच्या ग्राहकाकडून आलेलं एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग. रेषा जागेवर, वर्तुळं जागेवर. मला तर सगळं झकास दिसलं. दादानं एका होलवर बोट ठेवलं. “इथं काय लिहिलंय?” मी म्हणाले, पंचवीस. “आणि पुढं?” पुढं नुसता एक रिकामा चौकोन.

“इथं एच सेव्हन होतं,” दादा म्हणाला. “ते कुठं गेलं?”

एच सेव्हन म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. २५ मिलिमीटरचं होल आणि पुढं एच सेव्हन असेल, तर ते होल २५ पेक्षा जराही लहान चालत नाही आणि मोठं झालंच तर फार तर ०.०२१ मिलिमीटर. केसाच्या जाडीहून कमी. ती खूण गायब झाली तर मशीनवरचा ऑपरेटर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला सर्वसाधारण टॉलरन्स धरणार. आयएसओ २७६८ च्या मधल्या श्रेणीत या मापाला तो दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटर असतो. म्हणजे जवळपास एकोणीसपट मोकळीक. होल पडणार, जॉब चमकणार, गाडी चाकणला जाणार आणि शाफ्ट काही बसणार नाही. अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत. “लिस्ट करणाऱ्याला काय होतंय की,” दादा म्हणाला, “शिव्या मला पडत्यात.”

मला सगळ्यात जास्त हेच पटलं. नसलेली फीचर्स दोन प्रकारची असतात. एक ओरडून सांगतात की मी नाही. कमांड टाकली, आली नाही, आपण दुसरा रस्ता शोधला. वेळ गेला, माल नाही गेला. दुसरी गप्प बसतात. फाइल उघडते, छान दिसते आणि आतलं काहीतरी हरवलेलं असतं. खरा धोका या दुसऱ्या प्रकाराचा, आणि तुलनेच्या तक्त्यात नेमकी त्यांच्यासमोरच बरोबरची खूण असते.

याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. डीडब्ल्यूजी हा ऑटोडेस्कचा स्वतःचा फॉरमॅट. त्याची आतली रचना कंपनीनं कधी खुली केली नाही. बाकीच्यांनी ती उलटी उकलून शोधली. डीएक्सएफची माहिती मात्र कंपनीच प्रसिद्ध करते, म्हणून लेझर कटिंगपासून सगळीकडं ती चालते. आम्हा मास कॉमवाल्यांना हे दुखणं नवीन नाही. जुन्या फाँटमधली मराठी बातमी युनिकोडमध्ये पेस्ट केली की काय अगम्य अक्षरं उमटतात, ते विचारा. पण तिथं निदान गडबड दिसते. ‘२५’ च्या पुढं काही नसणं कुणाला दिसणार?

म्हणून माझं म्हणणं असं : सॉफ्टवेअर बदलताना ‘काय काय नाही’ हे मोजू नका. आपलं काम लिहून काढा. दादानं ते केलं. दोन आठवडे एका वहीत प्रत्येक कमांड आणि प्रत्येक फाइल कुठून आली, कुठं गेली, याची नोंद. कमांडची यादी दोन पानांतच संपली. ज्या टूलसेटवरून एवढा वाद झाला, त्याचं नाव वहीत एकदाही नव्हतं. उलट एक जुनी लिस्प फाइल रोज वापरात निघाली. कुणा आधीच्या ड्राफ्ट्समननं लिहिलेली, पार्टना नंबर टाकणारी. तिचा विचार कुणीच केला नव्हता.

आता तुमचा-माझा मुद्दा. आपल्या रेझ्युमेवर असतं ‘ऑटोकॅड येतं’. म्हणजे नक्की काय येतं? कमांड की ड्रॉइंग? फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, टॉलरन्स, सेक्शन हे सगळं बीआयएसच्या एसपी ४६ मध्ये आहे आणि ते कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून नाही. ज्याला ड्रॉइंग येतं, त्याला हरवलेला एच सेव्हन दिसतो. ज्याला नुसत्या कमांड येतात, त्याला माझ्यासारखं सगळं झकास दिसतं.

कुणी म्हणेल, नोकरीच्या जाहिरातीत ऑटोकॅडच मागतात. बरोबर आहे, शिकाच. विद्यार्थ्यांना ते वर्षभरासाठी मोफत मिळतं, पात्र असाल तोवर नूतनीकरणही होतं. फक्त ते व्यावसायिक कामाला चालत नाही, हे लक्षात ठेवा. आणि पेनड्राइव्हवरून फिरणारा क्रॅक हा पर्याय नाही, ती सवय आहे. उद्या त्याची नोटीस वर्कशॉपला येते, क्रॅक टाकून देणाऱ्या मित्राला नाही.

पण शेजारी एक दुसरं सॉफ्टवेअरही शिकून ठेवा. फ्रीकॅड घ्या, सिव्हिलवाले असाल तर स्टील डिझाइनसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘ओसडॅग’ बघा, तेही लिनक्सवर चालतं. आणि फुकट म्हणजे कायमचं आपलं, असंही समजू नका. ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती कितीतरी जण वापरत होते, २०१९ च्या शेवटी ती बंद झाली. खुला सोर्स आणि कंपनीनं सध्या दिलेलं फुकट, यांत फरक आहे.

वर्कशॉपचं काय झालं? लेझर कटिंगला फक्त डीएक्सएफ प्रोफाइल देणारा एक कॉम्प्युटर लिनक्सवर गेला. ग्राहकांच्या डीडब्ल्यूजी ज्यावर येतात, त्याच्या जागी विंडोज ११ चालणारं नवं मशीन आलं, कारण तिथं चूक परवडणारी नव्हती. तिसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. त्यावर ती लिस्प फाइल आहे.

आणि दादानं नवा नियम केलाय. कुठलंही ड्रॉइंग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं, की आधी ग्राहकाची पीडीएफ शेजारी ठेवायची आणि प्रत्येक मापावर लाल पेनानं टिक करायची. परवा गेले तर नवीन आलेला डिप्लोमाचा पोरगा तेच करत होता. एका होलपाशी पेन थांबलं, त्यानं मान वर करून विचारलं, “दादा, इथं काहीतरी होतं का ओ?”

दादा माझ्याकडं बघून हसला. त्या पोराला ड्रॉइंग येतंय.