हद्द कोणी आखली?

शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर 'ट्रेस्पास' हा इंग्रजी शब्द भेटतो तो पाटीवर. तारेचं कुंपण, आत मुंबईकराचं फार्महाऊस आणि फाटकावर लाल अक्षरांत ताकीद. शब्द मुळात साधा आहे. लॅटिनमध्ये 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, 'पासुस' म्हणजे पाऊल. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. (आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ मरणं, म्हणजे पार पलीकडेच जाणं!) इंग्रजीत आधी तो पाप, अपराध यासाठी वापरला गेला; परक्या जमिनीत शिरणं हा अर्थ नंतर चिकटला.

आपलं 'अतिक्रमण' अगदी तसंच घडलंय. अति म्हणजे पलीकडे, क्रम म्हणजे पाऊल. पण पलीकडे म्हणायला आधी रेषा हवी. तिला मराठीत 'हद्द' म्हणतात, शब्द अरबी. त्याचं अनेकवचन 'हुदूद' कुरआनात अल्लाहने घातलेल्या मर्यादांसाठी येतं. ती रेषा कोणाची, हा प्रश्न श्रद्धावंताला पडत नाही. जंगलाच्या रेषेबद्दल मात्र पडलाच पाहिजे.

ठाणे जिल्ह्यातली माणसं भाताच्या रोपासाठी राब भाजत. त्याला झाडांच्या फांद्या लागत, पालापाचोळा लागे. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने राखीव जंगलं आखली आणि कालचं काम आज गुन्हा झालं. ठाणे-कुलाब्यातून एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. तरी १९२७च्या वन कायद्यात कलम २६ आलंच: राखीव जंगलात शिरणं गुन्हा, गुरं शिरली तरी गुन्हा. कातकरी, ठाकर जागचे हलले नव्हते. रेषाच त्यांच्या अंगावरून गेली. मग 'अतिक्रमण' केलं कोणी?

२००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेने 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द वापरले आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. पण दावा फेटाळला की बोलीत आणि कागदावर तो पुन्हा 'अतिक्रमणदार'. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशांना हटवण्याचा आदेश दिला, आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच तो थांबवला.

आपल्या ओळखीत कोणाला अशी नोटीस आली असेल तर त्याला एवढं सांगा: दावा का फेटाळला ते लेखी माग. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे, साठ दिवसांत दाद मागता येते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५)प्रमाणे त्याला जमिनीवरून उठवता येत नाही.