टोपीचा वारस

‘इंडियाना जोन्स’ या साहसपटमालेतील २००८ च्या चौथ्या चित्रपटाच्या अखेरीस एक छोटासा प्रसंग आहे. चर्चमधील विवाहविधी आटोपतो, वाऱ्याच्या झोताने दार उघडते आणि नायकाची सुप्रसिद्ध टोपी घरंगळत त्याच्या तरुण मुलाच्या पायांशी येऊन थांबते. मुलगा ती उचलतो. डोक्यावर ठेवणार एवढ्यात शेजारून जाणारा बाप ती त्याच्या हातातून काढून घेतो आणि स्वतः घालून नववधूसह बाहेर पडतो. पंधरा वर्षांनी, २०२३ साली, पाचवा चित्रपट आला. त्यात या मुलाचा व्हिएतनामच्या युद्धात मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले. या चित्रपटाचा शेवटही टोपीनेच होतो. ती बाहेर दोरीवर टांगलेली असते आणि वृद्ध नायकाचा हात पुढे येऊन तिला आत ओढून घेतो. त्या वेळी ही भूमिका करणारा नट हॅरिसन फोर्ड ऐंशी वर्षांचा होता.

दोन्ही प्रसंग विनोदाने रंगविलेले असले, तरी त्यांतून एका मोठ्या उद्योगाची कोंडी नकळत व्यक्त झाली आहे. नायक म्हातारा झाला, व्यक्तिरेखेला मात्र अजून मागणी आहे. अशा वेळी तिचा वारसा तरुण नटाकडे सोपवावा की नाही, आणि सोपवावा तर केव्हा व कसा, हा तो पेच होय. वरवर पाहता हा प्रश्न केवळ करमणुकीच्या क्षेत्रातला वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी मालकी, श्रम आणि संधी यांचा जुनाच झगडा आहे.

व्यापारात दुकानाच्या मालाइतकेच दुकानाच्या नावलौकिकाला मोल असते. दुकान विकले की हा नावलौकिकही नव्या मालकाकडे जातो. चित्रपटाच्या व्यवसायात मात्र त्याची विभागणी होते. कथा, नाव आणि व्यक्तिरेखा यांचे कायदेशीर हक्क कंपनीकडे असतात. प्रेक्षकांचा जिव्हाळा चेहऱ्यावर जडलेला असतो. २०१२ साली डिस्ने कंपनीने सुमारे ४०० कोटी डॉलरना लुकासफिल्म ही संस्था विकत घेतली, तेव्हा ‘स्टार वॉर्स’बरोबर इंडियाना जोन्स ही व्यक्तिरेखाही तिच्या हाती आली. परंतु त्या खरेदीखतात प्रेक्षकांचे प्रेम लिहून देण्याची सोय नव्हती. ते सत्तरीत पोहोचलेल्या एका माणसाकडेच राहिले.

रंगभूमीला हा पेच फारसा जाचत नाही. हॅम्लेटची भूमिका चारशे वर्षांत असंख्य नटांनी केली, आणि एका नटाच्या जाण्याने ती संपली असे कोणी मानले नाही. कारण नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो. पूर्वसुरींची केवळ आठवण उरते आणि आठवणीशी झुंज देणे नव्या नटाला अशक्य नसते. चित्रपटाचे तसे नाही. तेथे १९८१ चा तरणाबांड नायक आजही तितकाच ताजा दिसतो. नव्या नटाची स्पर्धा जुन्या नटाशी नसते. त्याच्या कधीही न कोमेजणाऱ्या प्रतिमेशी असते. घरोघरी चित्रफिती आल्या, पुढे तबकड्या आल्या, आणि ही स्पर्धा अधिकच विषम झाली.

तरीही ही स्पर्धा जिंकता येते, हे जेम्स बाँडच्या चित्रपटांनी दाखवून दिले आहे. १९६२ साली शॉन कॉनरीने ही भूमिका प्रथम पडद्यावर आणली. १९६७ पर्यंत त्याचे पाच चित्रपट झाले आणि त्याने निरोप घेतला. १९६९ मध्ये जॉर्ज लेझनबी या ऑस्ट्रेलियन मॉडेलला निवडण्यात आले. तो एकाच चित्रपटापुरता टिकला. १९७१ मध्ये मोठे मानधन देऊन कॉनरीला परत आणावे लागले. म्हणजे पहिला प्रयत्न फसला असेच तेव्हा कोणालाही वाटले असते. निर्मात्यांनी मात्र वाट सोडली नाही. १९७३ मध्ये रॉजर मूर आला आणि १९८५ पर्यंत सात चित्रपटांत टिकून राहिला. पुढे टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि २००६ पासून डॅनियल क्रेग असा क्रम चालू राहिला. ही व्यक्तिरेखा अवघी सात वर्षांची असताना प्रेक्षकांना पहिला धडा मिळाला होता की, ००७ हा एक हुद्दा आहे. कचेरीतील खुर्चीप्रमाणे त्यावर बसणारा माणूस बदलू शकतो. लेझनबीचे अपयश ही त्या धड्याची शिकवणी फी होती आणि ती वेळीच भरली गेली.

इंडियाना जोन्सच्या बाबतीत हीच फी भरण्याचे सतत टाळले गेले. वास्तविक आरंभ अनुकूल होता. आज ज्याच्यावाचून ही भूमिका कल्पनेतही येत नाही तो फोर्ड मूळ पसंती नव्हताच. १९८१ च्या पहिल्या चित्रपटासाठी टॉम सेलेकची निवड झाली होती. दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने त्याचे हात बांधले गेले म्हणून फोर्डचा प्रवेश झाला. १९८९ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या प्रारंभी रिव्हर फिनिक्स या तरुण नटाने किशोरवयीन जोन्स रंगविला आणि प्रेक्षकांनी तो आनंदाने स्वीकारला. १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवर जोन्सच्या तारुण्याची मालिका आली. तिच्यातही इतर नट होते. दार किलकिले झाले होते. परंतु १९८९ ते २००८ या एकोणीस वर्षांत नवा चित्रपटही निघाला नाही आणि नवा नायकही निवडला गेला नाही. त्या अवधीत फोर्ड शेहेचाळिसाचा पासष्ट वर्षांचा झाला आणि प्रेक्षकांच्या मनात व्यक्तिरेखा व नट ही एकच गोष्ट होऊन बसली. आपल्यानंतर हा जोन्स दुसऱ्या कोणी करू नये, असे फोर्डनेही जाहीरपणे बोलून दाखविले. एका कलावंताचे आपल्या निर्मितीवरील प्रेम म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण ज्या कंपनीला व्यक्तिरेखा चालवायची आहे, तिच्या दृष्टीने ही कोंडीच होती.

यावर असा आक्षेप घेता येईल की, तरुण नट आणून तरी काय साधते? या संदर्भात २०१८ च्या ‘सोलो’ चित्रपटाचा दाखला देण्यात येतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये फोर्डनेच गाजविलेली हान सोलोची भूमिका त्यात ऑल्डन एहरनराइक या तरुण नटाला देण्यात आली. खर्च २५ कोटी डॉलरच्या पुढे गेला, जगभरचे उत्पन्न ४० कोटींच्या आत राहिले. चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता व्यवहार तोट्याचा ठरला. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक बदलण्यात आले, ही गोष्ट मात्र या दाखल्यात सोयीस्करपणे विसरली जाते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे या नटाला काम काय दिले होते? नायकाला त्याचे आडनाव कसे मिळाले, त्याचे यान त्याच्याकडे कसे आले, अशा आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचे दाखले गोळा करणे, एवढेच. वारस म्हणून आणलेल्या माणसाला जुन्या दप्तराची नक्कल करायला बसविले, तर त्याचे कर्तृत्व दिसणार कोठून?

याच्या उलट उदाहरण २०१५ च्या ‘मॅड मॅक्स’चे आहे. १९८५ मध्ये मेल गिब्सनने ही भूमिका तिसऱ्यांदा केली होती. तीस वर्षांनी तीच भूमिका टॉम हार्डीकडे आली. दिग्दर्शक जॉर्ज मिलर तोच होता. पण त्याने जुन्याची उजळणी न करता नवे जग उभे केले. त्या चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाले. क्रेगच्या निवडीच्या वेळीही निषेधाचे सूर उमटले होते. तथापि २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’ने कथेचा आरंभच नव्याने केला आणि टीकाकार गप्प झाले. तेव्हा विलंब घातक असला तरी तोच सर्वस्वी निर्णायक नसतो. वारसाला स्वतःचे काम करण्याची मोकळीक मिळाली, तर उशिरा दिलेला वारसाही फळाला येतो. मोकळीक न देता नुसती टोपी दिली, तर ती ओझेच होते.

आता या दोन मार्गांच्या जोडीला तिसरा मार्ग पुढे आला आहे, आणि चिंता करण्यासारखी गोष्ट ती हीच. २०२३ च्या चित्रपटाचा पहिला मोठा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात घडतो. त्यात फोर्ड तरुण दिसतो. संस्थेच्या संग्रहातील त्याची जुनी चित्रणे आणि संगणक यांच्या साहाय्याने ऐंशीच्या घरातील नटावर त्याचाच जुना चेहरा चढविण्यात आला. त्यापूर्वी २०१६ मध्ये, १९९४ साली निवर्तलेल्या पीटर कुशिंगची भूमिका अशाच तंत्राने पडद्यावर परत आणली गेली होती. २०२४ च्या एका संगणकीय खेळात जोन्सचा चेहरा तरुण फोर्डचा आहे, तर आवाज आणि हालचाली दुसऱ्याच नटाच्या आहेत. श्रम एकाचे, मुखवटा दुसऱ्याचा आणि मालकी तिसऱ्याची, असा हा नवा संसार आहे.

हॉलिवूडच्या नटांनी २०२३ मध्ये १४ जुलैपासून ११८ दिवस संप केला, त्यामागे मोबदल्याचे इतर प्रश्न होतेच. पण नटाच्या संगणकीय प्रतिरूपाचा प्रश्नही अग्रभागी होता. संपानंतरच्या करारात अशा वापरासाठी संमती आणि मोबदला यांची अट घालण्यात आली. ही अट स्वागतार्ह आहे. परंतु तिने संरक्षण मिळते ते प्रामुख्याने ज्याचा चेहरा आधीच मोलाचा आहे त्याला. ज्याला अजून चेहराच मिळालेला नाही, त्या तरुण नटाचे काय? जुना नायक कधीच म्हातारा होणार नसेल, तर जागा रिकामी होणार केव्हा?

फोर्डचाच पूर्वेतिहास या बाबतीत बोलका आहे. छोट्या भूमिकांवर चरितार्थ चालेना म्हणून तो सुतारकाम करीत असे. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. एका अपरिचित चेहऱ्यावर कोणीतरी भांडवल लावण्याचा धोका पत्करला, म्हणून जगाला हा नट मिळाला. त्या वेळी आदल्या पिढीच्या नायकांना चिरतरुण ठेवण्याची सोय निर्मात्यांपाशी असती, तर हा धोका पत्करण्याची त्यांना गरज वाटली असती काय?

शिवाय हा सुरक्षित मार्ग हिशेबातही सुरक्षित ठरलेला नाही. २००८ च्या चित्रपटाने जगभर सुमारे ७९ कोटी डॉलर मिळविले होते. २०२३ च्या चित्रपटाचा निर्मितीखर्चच सुमारे ३० कोटी डॉलर होता आणि उत्पन्न सुमारे ३८ कोटी. तिकिटाच्या पैशातील मोठा हिस्सा चित्रपटगृहांकडे जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे तोटा उघड आहे. म्हणजे तरुण चेहऱ्याचा धोका टाळण्यासाठी योजलेला उपायही तितकाच महाग पडला. फरक एवढाच की, २०१८ च्या तोट्याने तरुण नटावर ठपका आला. २०२३ च्या तोट्याचा ठपका कोणावरच आला नाही.

साठ वर्षे एका कुटुंबाने जपलेल्या बाँडच्या चित्रपटांचे सर्जनशील नियंत्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनकडे गेले. क्रेगच्या बाँडचा २०२१ मध्ये पडद्यावर मृत्यू झाला आहे. त्यामुळे खुर्ची तरी स्पष्टपणे रिकामी आहे. नव्या मालकांना या परंपरेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वारस नेमायचा असेल तर पहिल्या अपयशाने डगमगू नये, त्याला नक्कल करायला लावू नये. आणि नेमायचा नसेल तर कथेला सन्मानाने पूर्णविराम द्यावा. तोही एक प्रामाणिक मार्ग आहे. वारस नाही आणि पूर्णविरामही नाही, अशी जी मधली अवस्था यंत्राच्या जोरावर लांबविली जात आहे, तिची किंमत पडद्यावर दिसत नाही. ती किंमत आज कोठेतरी सुतारकाम करीत संधीची वाट पाहणारा चौतीस वर्षांचा नट मोजीत आहे.