तारणाला गुप्त दालन नाही

ओतूरला मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. गुरुमंत्र कोणास सांगू नये, हा दीक्षेचा सर्वसाधारण दंडक. तुकोबांनी मात्र आपल्या गुरूचे नाव आणि मिळालेला मंत्र, दोन्ही अभंगात सर्वांसमोर सांगून टाकले. त्याच जुन्नर तालुक्यात आळे येथे ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी दाखवितात. ज्या वेदांवर मूठभरांनी हक्क सांगितला ते एका मुक्या जनावराच्या तोंडून सर्वांना ऐकू आले, असे ती कथा सांगते. या श्रद्धा आमच्या नव्हेत. आम्ही ख्रिस्ताचे अनुयायी आहोत. पण ज्या मातीत आम्ही वाढलो तिला काय रुचते आणि काय रुचत नाही, हे त्यांवरून कळते.

हे आठवण्यास कारण आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या बाजूस आपली कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यास जातात आणि सणासुदीला घरी येताना प्रश्न घेऊन येतात. २००३ साली 'द दा विंची कोड' ही कादंबरी आली, २००६ साली यहूदाच्या नावाचे प्राचीन 'शुभवर्तमान' प्रसिद्ध झाले. तेव्हापासून एक प्रश्न पुनःपुन्हा ऐकू येतो : ख्रिस्तसभेने येशूचे खरे ज्ञान दडपले, आणि नॉस्टिक चर्च व गुप्त दीक्षामंडळे यांनी ते जपून ठेवले, हे खरे काय? असा प्रश्न विचारणाऱ्यास दटावून गप्प बसविणे आम्हांस मान्य नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

नॉस्टिक पंथ दुसऱ्या शतकात फोफावले. तारण श्रद्धेने आणि प्रीतीने नव्हे, तर निवडक लोकांस मिळणाऱ्या गूढ ज्ञानाने होते, ही त्यांची मूळ धारणा. व्हॅलेंटिनसच्या अनुयायांनी मनुष्यजातीचे तीन वर्ग पाडले : आत्मिक, मानसिक आणि जड. पहिल्यांचे तारण ठरलेले, तिसऱ्यांचा नाश ठरलेला. इ. स. १८० च्या सुमारास लियॉनचे बिशप संत इरेनियस यांनी त्यांना साधा प्रश्न केला. प्रेषितांना काही गुप्त रहस्ये ठाऊक असती, तर ज्यांच्या हाती त्यांनी ख्रिस्तमंडळ्या सोपविल्या त्यांनाच ती सांगितली नसती काय? त्या बिशपांची परंपरा उघड आहे. तिच्यातील नावे कोणीही मोजावीत. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवर कोणी दिल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

आजच्या नॉस्टिक चर्चचा त्या प्राचीन पंथांशी अखंड धागा नाही. त्याचा जन्मदाखला बराच अलीकडचा आहे, आणि त्याची एक कडी आपल्या मुंबईतून जाते. १८७९ साली मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट मुंबईत उतरले. १८८२ च्या अखेरीस अड्यारला जाईपर्यंत थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे तेथेच होते. हिमालयापलीकडील अदृश्य महात्म्यांकडून आलेल्या गूढ ज्ञानाची वार्ता तेथून जगभर गेली. पॅरिसमध्ये याच चळवळीच्या पुढारी लेडी केथनेस यांच्याकडे मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठका होत. तशाच बैठकीत मध्ययुगातील मृत पाखंडी बिशपांनी आपणांस आज्ञा दिली, असे ज्यूल द्वानेल या दफ्तरखान्यातील अधिकाऱ्याने जाहीर केले आणि १८९० साली नॉस्टिक चर्च स्थापिले. द्वानेल स्वतः फ्रीमेसन. त्याने ज्यांना बिशप केले त्यांत पाप्यूस हे टोपणनाव घेतलेला डॉक्टर होता. तोच मार्टिनिस्ट या गुप्त दीक्षामंडळाचा प्रमुख. १८९५ साली द्वानेलने हे सारे सोडून ख्रिस्तसभेत पुनरागमन केले आणि काही वर्षांनी तो पुन्हा तिकडे वळला. पुढे १९१३ साली ॲलिस्टर क्राउलीने आपल्या गुप्त मंडळासाठी 'नॉस्टिक मिस्सा' लिहून काढली.

दुसरी शाखा अधिक सौम्य. १९१६ साली जेम्स वेजवुड आणि पाठोपाठ चार्ल्स लेडबीटर यांनी बिशपपदाची दीक्षा घेऊन 'लिबरल कॅथलिक चर्च' उभे केले. दोघेही थिऑसॉफीचे आणि स्त्रीपुरुषांच्या संयुक्त फ्रीमेसनरीचे कार्यकर्ते. याच वर्तुळाने कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून वाढविले. त्याच कृष्णमूर्तींनी १९२९ साली हॉलंडमधील ओमेन येथे आपल्यासाठी उभारलेला संघ स्वतःच विसर्जित केला. आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यात तिवई डोंगरावर त्यांच्या विचारांची सह्याद्री शाळा आहे. त्यांचे तत्त्वज्ञान आमचे नव्हे, तरी दीक्षेच्या पायऱ्यांनी सत्य गाठता येत नाही हे त्या घरात वाढलेल्या माणसानेच सांगितले, याची नोंद घ्यावी.

तेव्हा या दोहोंचे नाते काय? मंडळापाशी पायऱ्या, शपथा आणि बंद दरवाजे होते, वेदी नव्हती. नव्या चर्चपाशी वेदी आणि झगे होते, गुपित नव्हते. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. ज्या ख्रिस्तसभेस अज्ञानी म्हणावयाचे, तिच्याच बिशपपदाची परंपरा दूरच्या आडवाटेने मिळविण्यासाठी मात्र धडपडावयाचे, यातील विसंगती वाचकांनीच पाहावी.

कोणी म्हणेल, देवराज्याचे रहस्य शिष्यांनाच दिले असल्याचे संत मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूच सांगतो. खरे आहे. पण त्याच अध्यायात थोडे पुढे दिवा मापाखाली ठेवावयाचा नसतो, असेही तो सांगतो. शिष्यांना आधी समजाविले ते त्यांनी जगास सांगावे म्हणून. हन्नासमोर चौकशी झाली तेव्हा, आपण सदैव सभास्थानात आणि मंदिरात उघडपणे शिकविले, गुप्तपणे काही बोललो नाही, हीच येशूची साक्ष होती. प्राचीन ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार न झालेल्यांना मिस्साबलीच्या उत्तरार्धापूर्वी बाहेर पाठवीत, हा दुसरा आक्षेप. ती प्रतीक्षा होती, बहिष्कार नव्हता. स्नानसंस्कार गुलामाला आणि सरदाराला एकच होता, आणि त्यानंतर सारे समजावून सांगितले जाई.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच आहे. आपल्या भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या वाडवडिलांना देवळाची पायरी, गावची विहीर आणि अक्षर या तिन्हींपासून जन्माच्या कारणाने दूर ठेवले होते. ज्ञान काहींचेच, उरलेले जड, ही भाषा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. त्यांच्या नातवंडांनी तीच भाषा ग्रीक नावाने परत आली म्हणून तिला भुलावे काय? फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' लोकांच्या मराठीत रचले आणि १६१६ साली ते छापले गेले, ते तारणाची कथा सर्वांच्या कानी पडावी म्हणून.

आता आपल्या चुकांविषयीही बोलले पाहिजे. लिओ टॅक्सिल नावाच्या लेखकाने फ्रीमेसन लोकांच्या सैतानपूजेच्या कपोलकल्पित कथा वर्षानुवर्षे छापल्या. असंख्य कॅथलिकांनी त्या खऱ्या मानल्या. १८९७ साली पॅरिसमध्ये त्याने भरसभेत सारे थोतांड असल्याचे सांगितले. म्हणून कोणावर ऐकीव आरोप करू नयेत. फ्रीमेसन मंडळात सामील होण्यास ख्रिस्तसभेची मनाई आहे. १७३८ मध्ये घातलेली ती बंदी १९८३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये स्पष्ट करण्यात आली. तिचा आधार तत्त्वांतील विरोध हा आहे. तेवढे कारण पुरेसे आहे, अफवांची भर नको.

आणि मुले गुपिताकडे का वळतात? दृढीकरण झाले की आपल्या घरांतील धर्मशिक्षण संपते. पुढे शंका विचारली तर 'श्रद्धा ठेव' एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी केली. मिस्सा मराठीत आली, पण तिचा अर्थ किती घरांत बोलला जातो? आपणच दार लोटून घेतले, तर बाहेर उभ्या असलेल्या मुलास आत काहीतरी दडविले आहे असे वाटणारच.

ज्या ग्रंथांना दडविलेले म्हणतात, ते १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे सापडले आणि १९७७ पासून इंग्रजीत सरसकट विक्रीस आहेत. धर्मग्रामात महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. एका हाती ते ग्रंथ आणि दुसऱ्या हाती चारही शुभवर्तमाने घेऊन तरुणांसमवेत बसावे, धर्मगुरूंनी प्रश्न ऐकावेत, आईबापांनीही विचारावेत. आम्हांस या तुलनेचे भय वाटत नाही. क्रुसावरील मरण नगराबाहेर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. ज्यांचे तारण इतक्या उघड्यावर झाले, त्यांनी ते कुलपाआड शोधू नये.